नाताळच्या रंगमंचावरचा नोएल

लंडनच्या रंगभूमीवर नाताळ म्हणजे पँटोमाइमचा हंगाम. परीकथांवर बेतलेल्या या संगीतप्रधान, विनोदी खेळांत म्हातारीचे काम पुरुषाने करायचे आणि तरण्या नायकाचे काम मुलीने, अशी जुनी रूढी आहे. मुलाबाळांसह आलेली कुटुंबे त्याला मनमुराद हसून दाद देतात. मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच रंगभूमीवर पुरुषाच्या पुरुषावरील प्रेमाचा उघड उल्लेख राजदरबाराच्या नाट्यपरीक्षकांना चालत नसे आणि प्रत्यक्षात तसे संबंध ठेवणे हा तुरुंगवासाचा गुन्हा होता. या विसंगतीत जवळजवळ सारे आयुष्य काढणारे नाटककार, नट आणि संगीतकार म्हणजे नोएल कॉवर्ड.

लंडनजवळच्या टेडिंग्टन येथे १६ डिसेंबर १८९९ रोजी त्यांचा जन्म झाला. नाताळ तोंडावर आला होता म्हणून मुलाचे नाव नोएल ठेवण्यात आले. वडील पियानोविक्रीच्या व्यवसायात होते. मिळकत बेताची होती. आई व्हायोलेट यांना नाटकाचे वेड होते आणि मुलाच्या गुणांवर त्यांचा अढळ विश्वास होता. जानेवारी १९११ मध्ये 'द गोल्डफिश' या बालनाट्यातून नोएलने रंगमंचावर पाऊल ठेवले. त्याच वर्षीच्या नाताळात सॅव्हॉय थिएटरमध्ये 'व्हेअर द रेनबो एन्ड्स' या नाटकात त्याला काम मिळाले आणि १९१३ च्या नाताळात 'पीटर पॅन'मध्ये स्लाइटली या हरवलेल्या मुलाची भूमिका. त्या प्रयोगांत पीटरचे काम प्रथेप्रमाणे अभिनेत्रीकडेच होते. शाळेत फारसे न रमलेल्या या मुलाचे खरे शिक्षण नाताळच्या अशा खेळांतच झाले.

ज्या रंगभूमीवर तो वाढत होता, तिच्यावर ऑस्कर वाइल्ड प्रकरणाची गडद छाया होती. १८९५ मध्ये वाइल्ड यांना समलिंगी संबंधांबद्दल दोन वर्षे सक्तमजुरी झाली, तेव्हा त्यांच्या चालू नाटकांच्या जाहिरातींवरून त्यांचे नाव पुसले गेले होते. स्वतःचा ओढा पुरुषांकडे आहे हे कॉवर्ड यांना तरुणपणीच उमगले होते. पुढील कित्येक दशके त्यांनी त्याची जाहीर वाच्यता केली नाही.

नोव्हेंबर १९२४ मध्ये हॅम्पस्टेडच्या छोट्या एव्हरीमन थिएटरमध्ये आलेल्या 'द व्होर्टेक्स'ने त्यांना एका रात्रीत प्रसिद्धी दिली. तरुण प्रियकरांमागे धावणारी आई आणि अमली पदार्थांच्या आहारी गेलेला मुलगा, असा त्याचा विषय. मुलाची भूमिका कॉवर्ड यांनीच केली. आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी हे नाटक ते वेस्ट एंडमध्ये घेऊन गेले. त्यानंतर 'हे फीव्हर', 'प्रायव्हेट लाइव्ह्ज', 'कॅव्हलकेड' अशी यशाची माळच लागली. 'प्रायव्हेट लाइव्ह्ज' त्यांनी शांघायमध्ये आजारपणात अंथरुणावर असताना लिहून काढले. १९४१ च्या 'ब्लाइद स्पिरिट'चे लंडनमध्ये १,९९७ प्रयोग झाले.

या चमचमत्या, खुसखुशीत संवादांच्या आड बरेच काही दडवलेले होते. १९२६ मध्ये लिहिलेल्या 'सेमी-मोंद'मध्ये समलिंगी जोड्या उघडपणे वावरतात. ते नाटक कॉवर्ड यांच्या हयातीत रंगमंचावर आलेच नाही. १९७७ मध्ये ग्लासगोत त्याचा पहिला प्रयोग झाला. दोन पुरुष आणि एक स्त्री यांच्या परस्परप्रेमाचे 'डिझाइन फॉर लिव्हिंग' १९३३ मध्ये आधी न्यूयॉर्कला आले. लंडनला ते पाहण्यासाठी १९३९ उजाडावे लागले. एका तरुणाच्या वेडाने झपाटलेले 'मॅड अबाउट द बॉय' हे गाणेही १९३२ मध्ये रंगमंचावर आले, ते स्त्रियांच्या तोंडी.

दुसऱ्या महायुद्धात 'इन विच वुई सर्व्ह' हा चित्रपट त्यांनी लिहिला आणि त्यात प्रमुख भूमिकाही केली. १९४४ मध्ये माउंटबॅटन यांच्या विनंतीवरून ते आसाम-ब्रह्मदेश आघाडीवरील सैनिकांपुढे गायले. तरीही कायद्याची टांगती तलवार कायम होती. 'द व्होर्टेक्स'मध्ये कॉवर्ड यांचे बदली नट असलेले जॉन गिलगुड यांना 'सर' ही पदवी मिळाली, त्याच १९५३ सालच्या ऑक्टोबरमध्ये अटक होऊन दंड झाला. ख्यातीचे कवच किती पातळ असते, हे साऱ्या नाट्यसृष्टीने त्या दिवशी पाहिले. १९५६ मध्ये करांच्या ओझ्यामुळे कॉवर्ड यांनी इंग्लंड सोडले. पुढे जमैका आणि स्वित्झर्लंड येथे त्यांचे वास्तव्य राहिले. नट ग्रॅहम पेन हे चाळीसच्या दशकापासून अखेरपर्यंत त्यांचे जोडीदार होते.

आयुष्यभराचे मौन त्यांनी मोडले ते रंगमंचावरच. १९६६ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांनी 'अ साँग अ‍ॅट ट्वायलाइट' सादर केले. ह्यूगो लॅटिमर हा कीर्तिवंत वृद्ध लेखक. आपल्या जुन्या सचिवाला त्याने लिहिलेली प्रेमपत्रे एका पूर्वीच्या मैत्रिणीच्या हाती लागतात. कायद्याच्या भीतीपेक्षा, खऱ्या प्रेमाला आपण जन्मभर नाकारले ही जाणीव त्याला अधिक जाळते. लॅटिमरची भूमिका खुद्द कॉवर्ड यांनी केली. वेस्ट एंडच्या रंगमंचावरचा तो त्यांचा अखेरचा हंगाम ठरला.

पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, इंग्लंड आणि वेल्समध्ये २१ वर्षांवरील पुरुषांचे खासगीतील संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळण्यात आले. १९६८ मध्ये नाट्यपरीक्षणही संपले. कॉवर्ड मात्र बदलले नाहीत. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रात या विषयाचा उल्लेख करण्यास त्यांनी संमती दिली नाही. १९७० मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. २६ मार्च १९७३ रोजी जमैकातील 'फायरफ्लाय' या घरी त्यांचे निधन झाले.

१९८४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्यांच्या स्मृतिशिलेचे अनावरण राजमातेच्या हस्ते झाले. २००६ मध्ये वेस्ट एंडमधील एका जुन्या नाट्यगृहाला त्यांचे नाव देण्यात आले. ग्रॅहम पेन यांनी दोघांच्या सहजीवनाविषयी पुस्तक लिहिले, ते १९९४ मध्ये, कॉवर्ड यांच्या निधनानंतर २१ वर्षांनी. ज्या माणसाचे नावच नाताळवरून ठेवले गेले आणि ज्याने वेषांतराच्या खेळांतून रंगभूमीची पहिली ओळख करून घेतली, त्याला स्वतःविषयीचे सत्य उच्चारण्यासाठी अखेरपर्यंत दुसऱ्याच कुणाची तरी भूमिका करावी लागली.