म्हाताऱ्या शरीरात प्रतिकारशक्तीचं काय होतं? सव्वाशे वर्षांपूर्वी याचा माग काढणारे इल्या मेचनिकॉफ

तिशीतल्या मुलाला आणि पंचाहत्तरीतल्या वडिलांना एकच फ्लूची लस दिली, तर वडिलांच्या शरीरात साधारणपणे कमी अँटीबॉडीज तयार होतात. लस तीच, डोस तोच, मग फरक का? कारण वयासोबत प्रतिकारशक्तीही म्हातारी होते.

हे नातं फार आधी हेरणारा एक माणूस होता, इल्या मेचनिकॉफ.

१८४५ साली आजच्या युक्रेनमधल्या खार्किवजवळ त्यांचा जन्म झाला. पहिली बायको ल्युडमिला लग्नाच्या वेळीच क्षयाने इतकी खंगली होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. १८७३ मध्ये ती गेली. त्या धक्क्यात मेचनिकॉफ यांनी आयुष्य संपवायचा प्रयत्न केला, पण ते वाचले. पुढे १८७५ मध्ये ओल्गाशी त्यांचं लग्न झालं.

मग आलं १८८२ साल. ओडेसा विद्यापीठातली नोकरी सोडून ते कुटुंबासोबत इटलीतल्या मेसिना इथे राहत होते. एक दिवस घरचे सगळे सर्कस बघायला गेले आणि हे सूक्ष्मदर्शकापाशी बसले. समोर होत्या स्टारफिशच्या पारदर्शक अळ्या. त्यांना वाटलं, यांच्या अंगात काटा टोचला तर? बागेतल्या गुलाबाचे काटे आणून टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर काय, काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला!

शरीरात घुसलेल्या परक्या गोष्टीला गिळणाऱ्या या पेशींना नाव मिळालं फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी.

१८८६ मध्ये ते ओडेसाच्या जीवाणूशास्त्र केंद्राचे प्रमुख झाले. तिथे रेबीजची लसही दिली जायची. पण वाद वाढले आणि १८८८ मध्ये ते पॅरिसला गेले. लुई पाश्चर यांनी त्यांना आपल्या संस्थेत जागा दिली. त्यांचा ओडेसातला विद्यार्थी वाल्डेमार हाफकिनही पुढे तिथेच पोहोचला. होय, तेच हाफकिन, ज्यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि ज्यांच्या नावाची संस्था आजही परळला आहे.

त्या काळी शास्त्रज्ञांचे दोन गट होते. एक म्हणायचा रोगाशी पेशी लढतात, दुसरा म्हणायचा रक्तातले घटक लढतात. १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि दुसऱ्या बाजूचे पॉल एर्लिक यांना विभागून मिळालं. खरंतर दोघंही बरोबर होते. लस दिल्यावर आधी पेशी तिचे तुकडे ओळखतात, इतर पेशींना दाखवतात, आणि मग अँटीबॉडीज बनतात.

उतारवयात मेचनिकॉफ म्हातारपणाच्या मागे लागले. १९०३ मध्ये त्यांनी या अभ्यासाला 'जेरोंटॉलॉजी' हे नाव दिलं. त्यांचं म्हणणं होतं, की आतड्यातले जीवाणू विष तयार करतात, त्याने शरीर कमजोर होतं आणि भक्षक पेशी आपल्याच अवयवांना खायला लागतात. यावर उपाय म्हणून ते रोज आंबवलेलं दूध प्यायचे. त्यांच्यामुळे युरोपात दह्याची क्रेझ आली.

हा सिद्धांत जसाच्या तसा टिकला नाही. पण म्हातारपण आणि प्रतिकारशक्ती यांचं नातं खरं निघालं.

आज माहीत आहे, की छातीतली थायमस ग्रंथी वयानुसार आक्रसते, त्यामुळे नव्या टी-पेशी कमी बनतात. शिवाय शरीरात मंद दाह सतत धुमसत राहतो. साहजिकच लशीला मिळणारा प्रतिसाद थंडावतो.

म्हणून लशीच बदलल्या गेल्या. ६५ वर्षांवरच्यांसाठी फ्लूची चौपट अँटिजेन असलेली लस आहे. नागिणीच्या नव्या लशीत प्रतिकारशक्तीला डिवचणारा खास घटक घातलाय, आणि चाचण्यांमध्ये ती सत्तरी ओलांडलेल्यांमध्येही सुमारे ९० टक्के परिणामकारक ठरली.

१९१६ मध्ये मेचनिकॉफ ७१ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्यांच्या अस्थी पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत. दीर्घायुष्याचं गुपित काही त्यांच्या हाती लागलं नाही, पण आजी-आजोबांसाठी वेगळी लस का लागते, या प्रश्नाच्या मुळाशी त्यांनी पाहिलेल्या त्याच पेशी आहेत.