दर्याचा सरखेल आणि उथळ पाण्याचं गणित

मित्रांनो, आपण नाशिकचे म्हणजे डोंगराकडची माणसं. पाणी म्हटलं की आपल्याला गोदाघाट नाहीतर गंगापूर धरण आठवतं. तोफ म्हटली की देवळाली, विमान म्हटलं की ओझर. समुद्रावरच्या लढाईशी आपला संबंध वर्षातून एकदाच येतो, ४ डिसेंबरला, नौदल दिनाच्या बातम्यांमध्ये. १९७१ साली त्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या आपल्या तीन छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीसमोर जाऊन पाकिस्तानची खैबर ही विनाशिका आणि मुहाफिझ ही सुरुंगशोधक नौका बुडवली. या नौका जेमतेम दोनशे टनांच्या, प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रं. लांबच्या प्रवासासाठी त्या बनलेल्याच नव्हत्या. रशियाहून त्या मालवाहू जहाजांवर लादून कोलकात्याला उतरवल्या आणि तिथून दुसऱ्या जहाजांनी ओढत मुंबईला आणल्या!

लहान बोट, तिच्यावर मोठं हत्यार, आणि गरज पडली तर ती ओढून नेणारं दुसरं कोणीतरी. ही कल्पना आपल्याला फार मॉडर्न वाटते. पण आपल्याच कोकण किनाऱ्यावर एका माणसाने अडीचशे वर्षं आधी याच गणितावर आख्खं आरमार चालवलं होतं. त्यांचं नाव सरखेल कान्होजी आंग्रे.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडीवरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचं लहानपण सुवर्णदुर्गाच्या परिसरात, कोळी आणि भंडारी खलाशांमध्ये गेलं. जंजिऱ्याच्या सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला, किल्लेदार फितूर व्हायला निघाला, तेव्हा तरुण कान्होजींनी पुढे होऊन किल्ला वाचवला, असं सांगतात. काळही मोठा कठीण होता. संभाजी महाराज गेलेले, राजाराम महाराज जिंजीला, आणि औरंगजेब महाराष्ट्रात तळ ठोकून. अशा वेळी किनारा सांभाळायला ना पैसा होता ना माणसं. १६९८ च्या सुमारास आरमाराची जबाबदारी कान्होजींकडे आली.

आता आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांच्यासमोरचं प्रॉब्लेम स्टेटमेंट बघा. समोर इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि सिद्दी. युरोपियनांची जहाजं उंच, जाड लाकडाची, दोन्ही अंगांना तोफांच्या रांगा असलेली. तशी जहाजं बांधायची आणि त्यांच्यावर तशाच जड तोफा चढवायच्या तर खर्च झेपणारा नव्हता. आणि भर समुद्रात समोरासमोर उभं राहिलं तर हार ठरलेली.

कान्होजींनी त्यांच्यासारखी जहाजं बांधण्याच्या शर्यतीत उतरायचंच टाळलं. त्यांचा भर राहिला गुराब आणि गलबत या कोकणातल्या दोन ओळखीच्या प्रकारांवर. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, साधारण दीडशे ते तीनशे टनांची. मध्ये रुंद, पुढे निमुळती, आणि तळ असा की कमी पाण्यातही टेकू नये. तिची खरी गंमत पुढच्या टोकाला. तिथे दोन मोठ्या तोफा थेट समोर मारा करतील अशा बसवलेल्या असत. बाजूच्या तोफा त्याहून हलक्या. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतलं. त्याला शिडं होतीच, शिवाय चाळीस-पन्नास वल्हीही. त्यामुळे वारा पडला तरी ते चालायचं.

तोफ पुढच्या टोकाला का? साधं आहे. मोठ्या जहाजाची ताकद त्याच्या दोन्ही बाजूंना. मागून त्याच्याकडे फार थोड्या तोफा. वारा पडला की ते अवजड जहाज जागच्या जागी थांबायचं आणि त्याला वळताही यायचं नाही. मग गलबतं वल्ही मारत गुराबांना दोरांनी ओढून त्याच्या मागच्या बाजूला आणायची. तिथून गुराबांच्या तोफा शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या. जहाज लुळं पडलं की गलबतांतले शेकडो मावळे त्याच्यावर चढायचे. आणि डाव उलटतोय असं दिसलं की सगळे किनाऱ्याकडे, खाडीत! पाठलाग करणारं मोठं जहाज तिथे शिरलं तर गाळात रुतणार. १९७१ च्या नौकांचीही क्षेपणास्त्रं पुढच्या दिशेनेच सुटत होती. ओढण्याचं काम गलबतांऐवजी मोठ्या जहाजांनी केलं, एवढाच फरक.

हा उथळ पाण्याचा प्रकार काय असतो ते आम्ही स्वतः अनुभवलं. सेमिस्टर संपल्यावर हॉस्टेलचे आठ जण अलिबागला गेलो होतो. ओहोटीला चालतच कुलाबा किल्ल्यात गेलो, आत गोड्या पाण्याची विहीर बघितली, फोटो काढत बसलो. परत निघालो तर मघाशी जिथून चाललो तिथे मांडीपर्यंत पाणी! शेवटी होडीने यावं लागलं. दिवसातून दोनदा समुद्रच ज्याचा रस्ता उघडतो आणि बंद करतो, असा हा किल्ला कान्होजींचं मुख्य ठाणं होता. तटाचे मोठाले दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले दिसतात. लाटेचं पाणी फटींत शिरून तिचा जोर मोडतो. सिव्हिलवाल्यांनी तरी जाऊन बघावंच.

कान्होजींचं म्हणणं सरळ होतं. हा किनारा छत्रपतींचा, इथून व्यापार करायचा तर आमचा दस्तक घ्या. पोर्तुगीज हेच परवाने दोनशे वर्षं विकत होते, तेव्हा ते कायदेशीर. कान्होजींनी मागितले तर ते चाचे! इंग्रजांच्या कागदोपत्री ते कायम चाचेच राहिले. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौकाच त्यांच्या आरमाराने पकडली. तीत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला आणि त्याची बायको कैद झाली. पुढे ३०,००० रुपये खंडणी घेऊन तिला सोडलं. आज वाचताना ही गोष्ट खटकते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पण त्या काळी समुद्रावर सगळेच या रीतीने वागत होते, हेही तितकंच खरं.

जमिनीवरचं राजकारणही सोपं नव्हतं. शाहू महाराज आणि ताराराणी यांच्या वादात कान्होजी ताराराणींच्या बाजूने होते. शाहूंनी पाठवलेल्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळ्यांना, त्यांनी कैदच केलं. मग १७१३ मध्ये पेशवाई मिळालेल्या बाळाजी विश्वनाथांनी लढण्याऐवजी बोलणी केली. १७१४ च्या तहात कान्होजी शाहूंकडे आले. त्यांना सरखेलपद, दहा किल्ले आणि सोळा ठाणी मिळाली. या तहाचं महत्त्व पुढे कळतं.

१७१७ ला इंग्रजांचा विजयदुर्गावर हल्ला, फसला. १७१८ ला खांदेरीवर, फसला. १७२० ला तर त्यांनी विजयदुर्गासाठी जाड फळ्यांचा एक खास तरता तोफखाना बांधून आणला. तोही फुकट गेला. १७२१ च्या अखेरीला इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले, इंग्लंडच्या राजाची चार लढाऊ जहाजं घेऊन कुलाब्यावर चालून गेले. तेव्हा शाहूंची फौज घाटावरून खाली उतरली आणि दोघांचा बेत मोडला. पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये परस्पर तह करून टाकला. १७२४ मध्ये डचांनी सात जहाजं विजयदुर्गावर आणली, तीही परत गेली.

म्हणजे बघा, नुसती गुराब जिंकत नव्हती. तिच्या मागे खाडी होती, खाडीच्या तोंडाशी किल्ला होता आणि किल्ल्याच्या पाठीशी घाटावरची फौज होती. यातली एक कडी काढली तर बाकीच्या लटक्या पडणार. खुल्या समुद्रात तर या बोटी मोठ्या जहाजांना पुरून उरणाऱ्या नव्हत्याच, ही मर्यादा कान्होजींना पक्की ठाऊक असावी.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी गेले. अलिबागमध्ये त्यांची समाधी आहे. नंतर काय झालं? थोरले सेखोजी १७३३ मध्ये वारले आणि भावांमध्ये वाटणी झाली. मानाजी कुलाब्याला, संभाजी विजयदुर्गाला. संभाजींनंतर तुळाजी आले आणि त्यांचं पेशव्यांशी बिनसलं. १७५६ साली नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांनाच सोबत घेतलं आणि फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. जे तीन परकीय सत्तांना जमलं नाही, ते घरच्या भांडणाने केलं. गुराबी त्याच होत्या, किल्ला तोच होता. मागची कडी तेवढी निसटली होती.

आज मुंबईत नौदलाच्या तळाला आयएनएस आंग्रे हे नाव आहे. खांदेरी बेटालाही कान्होजींचं नाव दिलं आहे. ज्याला चाचा म्हटलं गेलं, त्याचं नाव आता आपल्या नौदलाच्या पाटीवर आहे, हे वाचून बरं वाटतं.

पण मित्रांनो, नुसता अभिमान बाळगून भागायचं नाही. प्रोजेक्टला बजेट नाही, लॅबमध्ये मशीन नाही, म्हणून आपण किती रडतो! कान्होजींनी आधी आपल्याकडे काय नाही ते नीट बघितलं, मग काय आहे ते मोजलं, आणि उथळ पाण्यालाच आपलं हत्यार केलं. हे आपल्याला शिकता येईल. आणि १७५६ विसरू नका. ग्रुपमध्ये भांडण झालं की सगळ्यात चांगलं डिझाईनसुद्धा बंदरातच जळतं.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी