बाबा आमटे : हातांना काम देणारा माणूस

आपल्या इचलकरंजीत मागावरच्या हातांचे मोल कुणाला सांगावे लागत नाही, म्हणून या स्मरणिकेत मी बाबा आमटे यांच्याविषयी लिहिते आहे. हिंगणघाटच्या जमीनदार घरात १९१४ साली जन्मलेल्या बाबांनी वकिली सोडली. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर १९५१ मध्ये, साधनाताईंच्या साथीने, सहा कुष्ठरुग्णांना घेऊन आनंदवन सुरू केले. बोटे झडलेल्या हातांनी विहीर खोदली, भाजी पिकवली. सुरुवातीला ती कोणी विकत घेईना. पुढे तिथेच महाविद्यालय झाले, गावची मुले शिकायला आली. अंध व कर्णबधिर मुलांच्या शाळा निघाल्या, हातमाग चालू लागले. २००८ मध्ये बाबा गेले. आपल्यापैकी जे कारखाने चालवतात, त्यांना विनंती : दिव्यांगांसाठी देणगी देता, तशी कामाची एक जागाही ठेवा.