पदवी नसलेला विद्यार्थी

माझ्या भाचीला ससाणे-गरुडांवर संशोधन करायचे आहे. कुठले विद्यापीठ, मार्गदर्शक कोण, अशी यादी घेऊन ती परवा आली आणि मला सलीम अली आठवले.

१८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या माणसाकडे विद्यापीठाची पदवी नव्हती; तेवढ्यापायी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतली पक्षिशास्त्रज्ञाची जागा हुकली. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्यात्याची नोकरी लागली. पगार साडेतीनशे रुपये, त्या काळी उत्तमच. दोन वर्षांत त्यांनी शिकण्यासाठी रजा काढली आणि बर्लिन गाठले, ते प्राध्यापक एर्विन श्ट्रेसमान यांच्यासाठी. तिथल्या संग्रहालयात ब्रह्मदेशातून आलेले पक्ष्यांचे नमुने तपासता तपासता ते शास्त्र शिकले. श्ट्रेसमानांना त्यांनी जन्मभर गुरू मानले.

१९३० साली परतले, तर जागाच रद्द झालेली! मी बँकेत कर्जाचे अर्ज तपासत असे. असा अर्ज समोर आला असता तर बहुधा नाकारलाच असता. ते पत्नी तेहमिनाबाईंसह अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नर घरटे अर्धे विणतो, मादीला पसंत पडले तरच पुरे करतो; आणि मग हा पठ्ठ्या दुसऱ्या मादीसाठी नवे विणायला घेतो! हे सारे त्यांनी दिवसच्या दिवस बसून टिपले. त्या निरीक्षणांनी त्यांचे नाव झाले. १९५८ साली अलीगढ विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली.

यादीतल्या किती जणांचे लेखन वाचलेस, असे मी भाचीला विचारले. दोघांचे, म्हणाली. आता उरलेल्यांचे वाचते आहे.