जमशेटजींनी पूर्ण झालेले पाहिलेले एकमेव स्वप्न

मुंबई : पोलादाचा कारखाना, विज्ञान संशोधन संस्था, जलविद्युत प्रकल्प आणि एक भव्य हॉटेल हे उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे चार मोठे संकल्प होते. त्यांपैकी त्यांच्या हयातीत पूर्णत्वास गेले ते केवळ हॉटेल. मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी खुले झाले आणि अवघ्या पाच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी, जमशेटजींचे जर्मनीत निधन झाले.

३ मार्च १८३९ रोजी नवसारीच्या पारशी पुरोहित घराण्यात जन्मलेल्या जमशेटजींनी मुंबईत शिक्षण घेतले आणि १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. १८९६ च्या प्लेगने मुंबई हवालदिल झाली असताना त्यांनी या शहरात हॉटेल उभारण्याचे ठरवले. वॉटसन्स हॉटेलात प्रवेश नाकारला गेल्याच्या संतापातून ‘ताज’ उभे राहिले, ही आख्यायिका लोकप्रिय असली, तरी तिला ठोस पुरावा नाही.

इमारतीचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केला. काम सुरू असतानाच वैद्य यांचे निधन झाले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पूर्णत्वास नेले. भारतीय, इस्लामी आणि युरोपीय शैलींचा मेळ, मधोमध उंच घुमट आणि त्याखाली खालून आधार नसलेला भव्य जिना ही वास्तूची वैशिष्ट्ये ठरली. मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूस होते. यावरून इमारत चुकून उलटी बांधली गेल्याची दंतकथा पसरली. हॉटेलसाठी लागणारी यंत्रे आणि साहित्य जमशेटजींनी युरोपात स्वतः फिरून निवडले. पहिल्या दिवशी मात्र अवघे १७ पाहुणे आले.

उरलेले तीन संकल्प वारसांनी सिद्धीस नेले. बंगळुरूची विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. साकची येथे १९१२ मध्ये पोलाद तयार झाले. पुढे त्या गावाला जमशेदपूर हे नाव मिळाले. खोपोलीची वीज १९१५ मध्ये मुंबईत पोहोचली. समोरचे गेटवे ऑफ इंडिया तर १९२४ मध्ये पूर्ण झाले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात या वास्तूने आगीचे लोळ आणि माणसांचे मृत्यू पाहिले. डागडुजीनंतर तिचा जुना भाग १५ ऑगस्ट २०१० रोजी पाहुण्यांसाठी पुन्हा खुला झाला.