वक्त्याची पूर्वतयारी

वक्तृत्वसभेसाठीं विषय निवडतांना आम्हां विद्यार्थ्यांस आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यांत, कोतळूक गांवीं १८६६ सालीं जन्मलेल्या नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांचें स्मरण होतें. १९०२ सालीं कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळांत ते अंदाजपत्रकावर बोलले. विषय रूक्ष, परंतु गरिबाच्या मिठावरील कर त्यांत होता. न्यायमूर्ति रानड्यांनीं लावलेली अभ्यासाची शिस्त व गणेश व्यंकटेश जोशी यांचें साह्य यांच्या बळावर, सरकारी शिल्लक म्हणजे रयतेची सुबत्ता नव्हे, तो करांचा जादा बोजा होय, हें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांनीं दाखविलें. १९०३ सालीं तो कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. १९१५ सालीं गोखले निवर्तले. आम्ही आधीं भारदस्त शब्द शोधतों; विषयाची झळ कोणास लागते, हें त्यांनीं आधीं शोधिलें.