शुबर्टच्या अखेरच्या गीतांना नाव देणारा प्रकाशक
स्मृतिदिन विशेष : टोबियास हासलिंगर

बीथोव्हन आणि शुबर्ट यांचे संगीत आज जगभर ऐकले जाते. मात्र ते कागदावर छापून रसिकांपर्यंत पोहोचविणाऱ्या टोबियास हासलिंगर यांचे नाव फारसे घेतले जात नाही. १८ जून रोजी त्यांचा स्मृतिदिन.

अप्पर ऑस्ट्रियातील त्सेल या गावी १ मार्च १७८७ रोजी त्यांचा जन्म झाला. लिंझ येथील चर्चच्या गायकवृंदात त्यांना संगीताचे पहिले धडे मिळाले. १८१० मध्ये ते व्हिएन्नात आले आणि पुढे झिगमुंड श्टायनर यांच्या संगीत प्रकाशनसंस्थेत भागीदार झाले. ग्राबेन चौकाजवळील हे दुकान म्हणजे संगीतकारांचा अड्डाच होता. बीथोव्हन थट्टेने स्वतःला सरसेनापती म्हणवीत, तर हासलिंगर यांना त्यांनी ‘अ‍ॅडज्युटंट’ हे पद बहाल केले होते. बीथोव्हन यांच्या सातव्या व आठव्या सिंफनीची स्वरलिपी याच संस्थेने प्रसिद्ध केली.

१८२६ मध्ये संस्था हासलिंगर यांच्या मालकीची झाली. स्वामित्वहक्काचा व्यापक कायदा ऑस्ट्रियात १८४६ पर्यंत नव्हता. त्यामुळे छापलेल्या कृतीची नक्कल होण्याची टांगती तलवार प्रकाशकांवर सदैव असे. अशा काळात त्यांनी शुबर्ट यांची ‘विंटररायझे’ ही गीतमाला छापली. तिच्या दुसऱ्या भागाची मुद्रिते शुबर्ट यांनी मृत्युशय्येवर तपासली. तो भाग प्रसिद्ध झाला तेव्हा ते हयात नव्हते. शुबर्ट यांच्या मागे उरलेली गीते त्यांच्या बंधूंकडून विकत घेऊन हासलिंगर यांनी १८२९ मध्ये ‘श्वानेनगेझांग’, म्हणजेच ‘हंसगीत’, या नावाने प्रसिद्ध केली. हे नाव शुबर्ट यांचे नव्हे, प्रकाशकाचे. तरीही हा संग्रह आजही त्याच नावाने ओळखला जातो.

१८४२ मध्ये हासलिंगर यांचे निधन झाले. पत्नी कारोलिन आणि पुत्र कार्ल यांनी व्यवसाय खंडित होऊ दिला नाही. स्वतः पियानोवादक असलेल्या कार्ल यांच्या काळात योहान श्ट्राउस (थोरले) यांचे ‘राडेट्स्की मार्च’ याच घराण्याने प्रसिद्ध केले. १८६८ मध्ये कार्लही निवर्तले आणि १८७५ मध्ये संस्था बर्लिनच्या प्रकाशकाकडे गेली. घराण्याची पाटी उतरली; त्याने छापलेले सूर मात्र आजही मैफलींत जिवंत आहेत.